नाताळचा एकपात्री प्रयोग: नट तेवढा पुरे

अमेरिकेत जुनी गावं जशीच्या तशी जपलेली संग्रहालयं आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नाताळात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री भुतं भेटून बदललेल्या कंजूष स्क्रूजची गोष्ट, एकट्या नटाला करू द्या आणि त्याच्याभोवती काही म्हणजे काही उभं करू नका. रेकॉर्ड केलेलं संगीत नको, पडद्यावरचा बर्फ नको, भुताच्या साखळ्यांचा स्पीकरमधून येणारा खळखळाट तर नकोच.

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमधल्या अशाच एका गावात, जुन्या प्रार्थनागृहात मी हा प्रयोग पाहिला. नटाजवळ एक खुर्ची, एक मफलर आणि एक मेणबत्ती. मफलर गळ्याभोवती गुंडाळून त्याने आखडलेली बोटं मेणबत्तीपाशी नेली आणि समोर बॉब क्रॅचिट उभा राहिला, मालक स्क्रूजकडे कोळसा मागायची सोय नसलेला कारकून. मफलर खाली आला, मान खांद्यांत गेली, ओठ आवळले गेले, झाला स्क्रूज. मध्ये श्वास घेतलेलाही कळला नाही. पुढच्या बाकावरची लहान मुलं क्रॅचिटच्या घरातली माणसं शोधायला चक्क कोपऱ्यात बघत होती!

हे काही आजचं खूळ नाही. पुस्तक आलं डिसेंबर १८४३ मध्ये. दहा वर्षांनी बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये डिकन्सनी ते स्वतः लोकांसमोर वाचलं. १८५८ पासून ते तिकीट लावून प्रयोग करू लागले आणि १८६७ च्या डिसेंबरात बॉस्टनला अमेरिकेचा दौरा सुरू झाला, तोही कॅरलनेच. सामान काय, तर स्वतः आखून करून घेतलेलं वाचनाचं मेज आणि गॅसचे दिवे. स्क्रूजच्या तरुणपणीचा दिलदार मालक फेझीविग, त्याच्याकडचा नाच ते मेजावर बोटं नाचवून दाखवत. मार्च १८७० च्या शेवटच्या प्रयोगातही कॅरल होतंच. जूनमध्ये ते गेले.

आता या गावांचं बघा. न्यू इंग्लंडमधल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी, म्हणजे नाताळ बायबलमध्ये नाही म्हणून तो न मानणाऱ्या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड ठेवला होता. १६८१ मध्ये तो कायदा गेला, पण मनातली अढी गेली नाही. राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी व्हायला १८५६ उजाडलं. ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजसारखं संग्रहालय १८३० च्या दशकापर्यंतचं खेडं दाखवतं. त्या खेड्यातल्या बहुतेक घरांत २५ डिसेंबर हा कामाचा दिवस होता. तिथे खोलीखोलीत सजवलेलं झाड ठेवलं की बघणाऱ्याला वाटतं, हे इथे पहिल्यापासून असंच होतं. एकटा नट असं काही करत नाही. तो नाताळ बरोबर घेऊन येतो, तासाभराने बरोबर घेऊन जातो. घराच्या भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही.

हिवाळ्यात संग्रहालयाला पैसा लागतो आणि रोषणाईला गर्दी होते, हे मला मान्य आहे. लावा ना माळा, पण बाहेर, आवारात. प्रयोगाआधी दोन मिनिटं काढून या गावात तेव्हा नाताळ का नव्हता तेही सांगा. लोकांना त्याचा राग येत नाही, उलट ते कान टवकारून ऐकतात.

आणि माइक बंद ठेवा. ही प्रार्थनागृहं एका धर्मोपदेशकाचा आवाज वरच्या सज्जापर्यंत पोचावा म्हणूनच बांधलेली आहेत. प्रेक्षक मावत नसतील तर त्याच संध्याकाळी दुसरा प्रयोग लावा.