सामायिक सिम्युलेशन म्हणजे युद्धयोजनांची विक्री नव्हे

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला गावाहून अण्णांचा फोन आला. अण्णा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत सैन्याच्या प्रशिक्षणासाठी लागणाऱ्या सिम्युलेशनचे, म्हणजे खऱ्या प्रसंगाची संगणकावर हुबेहूब नक्कल करण्याचे, सॉफ्टवेअर लिहितो. "तुम्ही लोक आपल्या फौजेची माहिती कंपन्यांमध्ये वाटता, हे खरं आहे का रे?" असे त्यांनी विचारले. माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरणारा एक मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. हाच मजकूर मला याआधी चार जणांनी पाठवला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु अठ्ठावीस वर्षे वर्दीत काढलेल्या माणसाला तो वाचून आपल्या मुलाला असा प्रश्न विचारावासा वाटतो, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सैन्यदलांची सिम्युलेशनची साधने एकत्र करून उद्योगांना त्यात सहभागी करून घेणे म्हणजे युद्धयोजना विकणे होय. जवान आता गोळीबार सोडून व्हिडिओ गेम खेळणार. हा सारा खटाटोप परदेशी कंपन्यांसाठी चालला आहे. आणि जे काम दुकानातल्या गेमवर होते त्यावर कोट्यवधी रुपये उधळले जात आहेत.

पहिला आरोप सर्वांत घातक आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. सामायिक करायचे असते ते मुख्यतः तीन प्रकारचे साहित्य: भूभागाचे त्रिमितीय नकाशे, वाहने व शस्त्रे यांच्या मॉडेलांचे सांगाडे, आणि एक सिम्युलेटर दुसऱ्याशी कोणत्या भाषेत बोलेल याचे नियम. यांतले नियम तर जगभर उघडपणे छापलेले आहेत. आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे १२७८ क्रमांकाचे मानक १९९३ पासून आणि १५१६ क्रमांकाचे २००० पासून कोणालाही विकत घेऊन वाचता येते. पहिल्या मानकानुसार सरावातला एखादा रणगाडा आपली स्थिती इतरांना कळवतो तो संदेश किमान १४४ बाइटचा असतो. रणगाडा कोणत्या पक्षाचा आहे, कोणत्या प्रकारचा आहे, कुठे उभा आहे, किती वेगाने कोणीकडे चालला आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो शाबूत दिसतो की पेटलेला, मुख्यतः एवढीच माहिती त्यात असते. त्याचे चिलखत किती जाड आहे किंवा त्याच्या दुर्बिणीला रात्री किती लांबचे दिसते, हे त्या संदेशात नसते. गोळा लागल्याचा निरोप आला की नुकसान किती झाले हे ज्याला गोळा लागला त्याचेच मॉडेल ठरवते, आणि ते मॉडेल त्याच्या मालकाच्या संगणकावरून हलत नाही.

आम्ही सांगाडा लिहितो तेव्हा त्यात काल्पनिक आकडे भरलेले असतात. खरे आकडे भरण्याची वेळ येते तेव्हा ते काम वर्दीतले अधिकारी त्यांच्या खोलीत करतात आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहतो. मोबाइल तर फाटकावरच जमा केलेला असतो. ज्याने ही पद्धत एकदाही पाहिलेली नाही, त्याने "युद्धयोजना विकल्या" असे लिहावे आणि निवृत्त जवानांनी ते वाचून रात्री तळमळावे, याचा मला संताप येतो.

या आरोपात एक अर्धसत्य मात्र आहे, आणि ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. सुटी सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटणारी माहिती एका जागी साठली की तिच्यातून बरेच काही उमगू शकते. कोणत्या दलाने कोणत्या भागाचा नकाशा किती वेळा मागवला, एवढी नोंद हाती लागली तरी जाणकार माणूस अंदाज बांधेल. म्हणून सामायिक भांडारात कोणी काय पाहिले याची नोंदही गुप्त ठेवावी लागते आणि सरावाचे प्रसंग भांडाराबाहेर ठेवावे लागतात. मजकूर लिहिणाऱ्याने हा मुद्दा मांडला असता, तर मी त्याच्याशी आदराने बोललो असतो.

हे सारे सामायिक का करायचे, याचेही उत्तर मजकुरात नाही. प्रत्येक कंपनी प्रत्येक निविदेसाठी तोच डोंगर संगणकात नव्याने उभा करते आणि दोन कंपन्यांचे डोंगर एकमेकांशी जुळत नाहीत. एका प्रात्यक्षिकात मी स्वतः पाहिले आहे की एका पडद्यावर टेकडीआड लपलेला रणगाडा शेजारच्या पडद्यावर जमिनीपासून पुरुषभर उंच हवेत उभा होता, आणि हेलिकॉप्टरच्या आसनावर बसलेल्या शिकाऊ अधिकाऱ्याने तो सहज टिपला. त्या अधिकाऱ्याच्या मनावर त्या दिवशी चुकीचा धडा ठसला. सामायिक नकाशा हवा तो यासाठी.

दुसरा आरोप व्हिडिओ गेमचा. अण्णांना मी फोनवरच विचारले की सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत केलेल्या भूभागाच्या प्रतिकृतीवर, उभे राहून तुम्ही हल्ल्याची चर्चा करत होता, ते काय होते? त्यांनीच मग पफ रेंजची, म्हणजे तोफेच्या माऱ्याचा नकली सराव करण्याच्या जागेची, आठवण सांगितली. कापडावर रंगवलेली टेकाडे, खालून फिरणारा माणूस, आणि ओपीवरच्या (निरीक्षण चौकीवरच्या) शिकाऊने "अ‍ॅड ४००" (४०० पुढे), "ड्रॉप २००" (२०० अलीकडे) म्हटले की त्या जागी कापडातून वर येणारी धुराची पिचकारी. खरा गोळा न उडवता शेकडो वेळा चुकण्याची मुभा त्यांच्या पिढीलाही दिली गेली होती. त्यानंतर ते खऱ्या रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, गेलेच, आणि आजचे जवानही जातात. सिम्युलेटरमुळे खरा गोळीबार बंद होतो, हे म्हणणे चूक आहे. रेंजचे मोजके दिवस आणि मोजके गोळे पहिल्या चुकांवर खर्च होऊ नयेत, यासाठी तो असतो.

लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर गोवा शिपयार्डने नौदलासाठी बांधलेला डॅमेज कंट्रोल सिम्युलेटर आहे. जहाजाच्या कप्प्यांची पोलादी प्रतिकृती हेलकावे खाते, भिंतीतल्या भोकांतून पाणी जोराने आत येते, आणि छातीपर्यंत चढणाऱ्या पाण्यात नौसैनिकांना लाकडी पाचरी ठोकून ती भोके बुजवावी लागतात. त्याला खेळ म्हणणाऱ्याने तिथे पाच मिनिटे उभे राहून पाहावे. अशा सरावावाचून काय होते, याचा जुना दाखला अमेरिकेचा आहे. १९३४ साली तिथल्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहतुकीचे काम अचानक सोपवण्यात आले आणि ढगांत व अंधारात केवळ उपकरणांवर उडण्याचा पुरेसा सराव नसल्याने काही आठवड्यांत अनेक जण प्राणाला मुकले. त्यानंतर त्याच वर्षी लष्कराने एडविन लिंक यांची, जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारी सहा प्रशिक्षण यंत्रे विकत घेतली.

परदेशी कंपन्यांच्या आरोपाला संरक्षण मंत्रालयाचा एकच दस्तऐवज पुरेसा आहे. तिन्ही दले आणि तटरक्षक दल यांनी सिम्युलेटरचा वापर वाढवावा व परस्पर समन्वयाने करावा, यासाठीचा आराखडा मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला. रचना व विकास देशातच व्हावा आणि सिम्युलेटर चालवण्याची व देखभालीची कामे भारतीय संस्थांकडे द्यावीत, यावर त्यात भर आहे. उद्योगांच्या सहभागाने सामायिक सुविधा उभारण्याची कल्पनाही नवी नाही. २०२० च्या ४०० कोटींच्या संरक्षण चाचणी सुविधा योजनेत सरकारने ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ केले होते आणि उरलेला वाटा खासगी उद्योग व सरकारे यांनी उचलायचा होता.

दुकानातल्या गेमविषयी इतकेच सांगतो की त्यातला गोळा खेळणाऱ्याला मजा यावी अशा रीतीने पडतो. शिकाऊ अधिकाऱ्याला तो जिथे खरोखर पडेल तिथेच पडताना दिसला पाहिजे, आणि पैसा लागतो तो त्यासाठी.

उद्योगांच्या बाजूने सारे चोख चालते, असेही मी म्हणणार नाही. चर्चेसाठी बोलावलेल्या बैठकीत मोठ्या कंपन्या आपला माल दाखवून निघून जातात, लहान कंपन्यांना शेवटची दहा मिनिटे मिळतात, आणि देखभालीचा करार संपल्यावर आच्छादनाखाली पडून राहिलेला सिम्युलेटरही मी पाहिला आहे. मजकूर लिहिणाऱ्याने राग इथे काढला असता, तर मीच तो पुढे पाठवला असता.

हे सगळे मी अण्णांना लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा उलट प्रश्न आला: "तुमच्या मॉडेलमध्ये वाऱ्याचा हिशेब धरता का?" धरतो, अण्णा. उंचीच्या एकेका थरातला वारा, हवेचे तापमान, हवेचा दाब आणि चार्जचे, म्हणजे गोळा फेकणाऱ्या दारूचे, तापमान, हे सगळे धरतो.