बघायचे पैसे पडत नाहीत

इंदूरच्या शीतलामाता बाजारात साडी घ्यायला जाऊन रिकाम्या हातानं बाहेर पडलेला माणूस सापडणं अवघड. मी पडलो. अजून धुमसतोय.

आत्याकडे आलो होतो, बायकोला माहेश्वरी हवी होती. एवढी पार्श्वभूमी पुरे.

गादीवर टेकतोय तोच पाणी आलं, पाठोपाठ चहा. "लेना मत लेना भिया, देखने के कौन से पैसे लग रिये!" म्हणत दुकानदारानं साड्यांचा ढीग उलगडला. खरा डाव हाच. समोर घड्या मोडलेल्या साड्या आणि पोटात त्याचाच चहा. अशा वेळी भाव करायला माणूस निर्ढावलेला लागतो. त्यात अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर कसे वसवले, काठाची नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून कशी आली, हे त्यानं इतक्या भक्तिभावानं सांगितलं की किंमत विचारणं म्हणजे होळकरशाहीशी बेइमानी. तरी विचारली. 4,500. भिंतीवर 'एक दाम'ची पाटी होती.

मी 2,000 म्हणालो.

"पुण्याचे का?" कोपऱ्यातून मराठी आवाज आला. फॉल-पिकोची वाट बघत एक काकू बसल्या होत्या. दुकानाशी संबंध शून्य.

"हो."

"वाटलंच."

बायको हसली. कुणाच्या बाजूनं, ते मी लक्षात ठेवलंय.

"असा भाव करतात होय? आधी मालाला नावं ठेवायची. सरका." मी सरकलो. का सरकलो, देव जाणे. काकूंनी साडी ओढली, काठ, म्हणजे माहेश्वरीची ती बुगडी, उलटासुलटा केला आणि एकदम हिंदीत शिरल्या. "क्यों रे, ये बुगड़ी दोनों तरफ से एक जैसी है क्या? हाथकरघे की है के पावरलूम की?"

"काकी, आपसे झूठ बोलूँगा?"

"दर दिवाळीला बोलतोस."

मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं, काकूंचे गुडघे निघाले, सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या तळलेल्या गराडू कंदाचा भाव निघाला, आणि या सगळ्याच्या अधूनमधून साडी टप्प्याटप्प्यानं खाली येत गेली. मला खरा राग याचाच आहे. 4,500 खोटे आहेत हे त्याला ठाऊक, काकूंना ठाऊक, चहावाल्या पोऱ्यालाही ठाऊक. मग तासभर मांडी घालून पायाला मुंग्या आणायच्या त्या कशासाठी? खरी किंमत चिठ्ठीवर लिहून चिकटवली तर कुणाचं काय जाईल? पण नाही. परगावच्या माणसाला आधी सोलायचं, मग सूट म्हणून त्याचीच साल त्याला परत द्यायची.

साडी 2,400 वर थांबली. मी पाकीट काढलं.

"तुम्ही कशाला?" काकू म्हणाल्या. "2,000 म्हणालात, म्हणजे तुम्हाला नकोच होती. आमच्या सुनेला हा रंग खुलून दिसेल."

दुकानदारानं ती मुकाट्यानं बांधलीसुद्धा. मग माझ्याकडे वळून अगदी जिव्हाळ्यानं म्हणाला, "भिया, दिल छोटा मत करो. बिल्कुल वैसी ही एक और है. साढ़े चार हजार."

"पण आत्ताच चोवीसशेला..."

"वो तो काकी का भाव है."