तक्ता पोरांना बिघडवतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, स्विफ्ट आणि रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शेजारीशेजारी मांडणारा माझा तक्ता म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाइड आहे, पोट्टे तो मोबाइलमध्ये ठेवतील आणि एकही भाषा धड शिकणार नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. गाइडावर पास झालेले आपल्या नागपुरात कमी नाहीत, त्यामुळे चीड समजते. पण हा तक्ता नवशिक्यांसाठी नाहीच. कॉलेजात सी-जावा केलेलं पोरगं मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी भागात, नोकरीला लागतं आणि समोर पायथनचा कोड येतो. लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवणं, काय असतं हे त्याला ठाऊक असतं. येत असलेलं इथे कुठे दगा देईल, एवढंच त्याला हवं असतं.

"भागाकार सगळीकडे सारखाच, त्याला ओळ कशाला?" हा तुमचा प्रश्न. सारखा नाही, सर. वजा ७ ला २ ने भागा. सी आणि जावात पूर्णांकांचं उत्तर वजा ३, कारण अपूर्णांक शून्याकडे छाटला जातो. पायथनमध्ये डबल स्लॅश (//, पूर्णांक भागाकाराची खूण) वापरला तर वजा ४, तिथे खालचा पूर्णांक घेतात. जावास्क्रिप्ट वजा ३.५ देते. भागाकारात उरणारी बाकीही त्याच कारणाने बदलते: वजा १ ला ७ ने भागल्यावर बाकी पायथनमध्ये ६, जावात वजा १. वारांच्या अ‍ॅरेतून (रविवार शून्यावर असलेल्या क्रमवार यादीतून) आजच्या क्रमांकातून १ वजा करून, ७ ने भागलेली बाकी घेऊन 'कालचा वार' काढणारा कोड पायथनमध्ये बिनबोभाट चालतो, जावात रविवारी एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. सी तर ओरडतही नाही, अ‍ॅरेबाहेरचं काहीतरी वाचून मोकळी.

पायथनच्या रकान्यातलं ७ भागिले २ बरोबर ३.५ तुम्हाला चूक वाटलं. तुमच्या हाताशी पायथन २ चं पुस्तक असावं, तिथे ३ बरोबरच आहे. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून हे बदललं. म्हणूनच प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर आवृत्ती लिहिली आहे.

माझी सगळ्यात लाडकी ओळ मात्र तुम्ही वगळलीत: 'नागपूर' या शब्दाची लांबी. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट ६ सांगतात, काना आणि ऊकार वेगळे मोजून. लांबी सांगणारी रस्टची लेन आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची एक पद्धत) मधला मजकूर दिलेली सीची स्ट्रलेन १८ सांगतात, कारण त्या बाइट, म्हणजे साठवणीचे छोटे घटक, मोजतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. स्विफ्ट ४ म्हणते, आपण पाटीवर मोजू तशी. आता डेटाबेसात नावाला २० बाइटांची मर्यादा घालून बघा. सहा चिन्हांत संपतं, सातवं अर्धवट कापलं जातं. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला हे दिसतच नाही.

भाषेची विचारसरणी तक्त्यात मावत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. रस्टच्या ओनरशिपसमोर (मेमरीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या मालकीचा आणि कधी मोकळा करायचा याचे नियम) पायथनचा रकाना म्हणूनच मुद्दाम रिकामा ठेवलाय, काम अर्धवट राहिलं म्हणून नाही. तिथे 'गार्बेज कलेक्शन' (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणं) लिहिता आलं असतं. पण समोरासमोर बघून पोरं दोन्ही एकच समजतील. त्या जागेसाठी याहून नेमका शब्द सुचत असेल तर कळवा, घालतो.