निळूभाऊंना वाड्यात कोंडू नका

कुठलंही गॅदरिंग असो, गणपतीतला कार्यक्रम असो, नकलाकार स्टेजवर आला की तिसरा-चौथा नंबर निळू फुल्यांचा ठरलेला. मान जरा तिरपी, डोळे बारीक, घसा खरवडून काढलेला आवाज, आणि "बाई, वाड्यावर या." लोक खदाखदा हसतात. आता त्याचे स्टिकर निघालेत, रील्स निघालीत. ज्यांनी निळू फुल्यांचा एकही सिनेमा धड पाहिलेला नाही, ती पोरंही हे वाक्य फेकतात. नकलेला माझी हरकत नाही. पण चाळीस वर्षं रंगभूमी आणि पडदा गाजवलेल्या माणसाची एवढीच ओळख शिल्लक राहणार असेल, तर मला राग येतो.

दुसरा राग त्यांच्या भक्तांचा. १३ जुलै, त्यांची पुण्यतिथी, आली की पोस्ट पडतात, "पडद्यावर खलनायक, प्रत्यक्षात देवमाणूस!" म्हणजे भाऊ दिवसा पाटलाचं सोंग घ्यायचे आणि संध्याकाळी ते उतरवून समाजसेवा करायचे, असं काहीतरी. मला हे अजिबात पटत नाही. त्यांचा पाटील आणि त्यांची चळवळ एकाच मुशीतून आली होती. त्यांनी ज्या माणसांविरुद्ध आयुष्यभर भूमिका घेतली, त्याच माणसांच्या भूमिका केल्या. म्हणून त्या तशा झाल्या.

मुळात हा माणूस माळी होता. पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तुटपुंज्या पगारातलाही वाटा राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेला जायचा. सेवा दलाच्या कलापथकात त्यांची जडणघडण झाली. कलापथक म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गावोगाव हिंडायचं, जागा मिळेल तिथे लोकनाट्य करायचं, हसवता हसवता सावकार, पुढारी, बुवा यांची सालटी काढायची. समोर बसलेल्या माणसाला सगळी पात्रं ओळखीची. पुढारी खोटा वाटला तर गाव तिथल्या तिथे हुर्यो उडवणार. मला विचाराल तर कुठल्याही नाट्यशाळेपेक्षा ही तालीम कडक होती.

'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव केलं आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते सिनेमात आले. त्यातला त्यांचा झेले अण्णा! हे साल लक्षात ठेवा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १९६२ मध्ये. सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, सोसायट्या, पतपेढ्या, बाजार समित्या निघत होत्या. गावात जुनी पाटीलकी होतीच, तिला आता खुर्ची आणि जीप मिळाली. या नव्या माणसाचा चेहरा मराठी सिनेमात धड कुणी दाखवला नव्हता. तमाशापटांतला जुना खलनायक मिशा पिळायचा, चाबूक उगारायचा. निळूभाऊंच्या माणसाला त्याची गरज नव्हती. ग्रामसेवकापासून फौजदारापर्यंत सगळे आपले, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो हळू बोलायचा.

हळू बोलणं ही त्यांची खरी करामत. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील पुन्हा एकदा पाहा. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. १९७५ मध्ये हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव मास्तरला मारत नाही, हाकलत नाही. ठेवून घेतो. खाऊ घालतो, पाजतो, आपलं साम्राज्य फिरून दाखवतो. त्यात धूर्तपणा आहे, पण नुसता धूर्तपणा नाही. "बघा मास्तर, हे सगळं मी उभं केलंय" हा अभिमान खरा आहे. त्याने विकास केलाय आणि त्या विकासाच्या आड एक माणूस गायब झालाय. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न एवढा जड होतो, कारण तो ज्याला विचारला जातोय तो माणूस आपल्याला तोवर बऱ्यापैकी आवडू लागलेला असतो. एखाद्या कमी ताकदीच्या नटाने हिंदुराव पहिल्याच प्रसंगात राक्षस करून टाकला असता आणि सिनेमा तिथेच संपला असता.

बाईवर नजर ठेवणारा पाटील त्यांनी केला नाही असं नाही. पुष्कळ केला. पुष्कळदा टुकार सिनेमांतही केला, हेही बोलून टाकू. एकदा साच्यात बसले की निर्माते सोडत नाहीत, आणि घर चालवायचं असतं. पण तिथेही नीट पाहिलं तर त्यांनी दाखवलेली वासना कमी आणि मालकी जास्त. ही जमीन माझी, हा पाणवठा माझा, ही बाईही माझीच. थेटरात बायका कडाकडा बोटं मोडायच्या, कारण तसली नजर त्यांनी आपल्या गावात सोसलेली होती. आपण आज त्याच नजरेवर हसतो. गंमत आहे!

रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' १९७२ सालचा. टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, शिवराळ, स्वतःचे नियम स्वतः करणारा सखाराम निळूभाऊंनी केला. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग. सेन्सॉरने नाटक अडवलं, सारंग कोर्टात गेले, गदारोळ झाला. आणि हाच नट जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये मुख्यमंत्र्याचा गांधीवादी बाप झाला. पोटच्या पोराच्या सत्तेसमोर उभा राहणारा म्हातारा! लोक म्हणतात, केवढी रेंज. मला त्यात रेंजपेक्षा सलगपणा दिसतो. सत्ता माणसाचं काय करते, हे ते एकदा आतून दाखवत होते, एकदा बाहेरून.

'सिंहासन'मध्ये (१९७९) तर ते नुसते पाहत राहतात. पत्रकार दिगू टिपणीस. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, कामगार पुढारी सतीश दुभाषी, सगळ्यांना घसघशीत प्रसंग. दिगूच्या वाट्याला फक्त फिरणं, ऐकणं, टिपणं. पण सगळा सिनेमा आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. शेवटी सत्तेचा डाव उलगडतो आणि दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यावर अभिनयाच्या वर्गात एक अख्खा तास घ्यावा. नकलाकारांपैकी एकानेही हे हसणं करून दाखवल्याचं मला आठवत नाही, आणि का ते उघड आहे.

हिंदीत 'कुली', 'मशाल' केले, 'सारांश'मधला गजानन चित्रे केला. हा पुढारी मुंबईचा, पण हिंदुरावाचाच शहरातला भाऊबंद. हिंदीवाल्यांनी त्यांना यापेक्षा जास्त वापरलं नाही, त्यात नुकसान हिंदीचं.

चळवळीबद्दल थोडक्यात. अंधश्रद्धा निर्मूलनात ते दाभोलकर आणि लागूंबरोबर होते. सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. त्यासाठी नामवंत नटांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, त्यात भाऊही होते. २००९ मध्ये ते गेले, आणि त्याच साली आलेल्या त्यांच्या 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' या सिनेमाचा विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

त्यांच्यानंतर मराठी पडद्यावर पुढारी आले ते बहुतेक विनोदी. सोन्याच्या साखळ्या घातलेले, इंग्रजी चुकणारे. त्यांच्यावर हसून आपण मोकळे होतो आणि खऱ्या पुढाऱ्यालाही त्याने काही फरक पडत नाही. हिंदुराव आज लिहायचा तर तो शिक्षणसंस्था चालवत असेल, त्याचं चॅनेल असेल, कदाचित सिनेमाला फायनान्सही तोच करत असेल. 'सामना'चे निर्माते रामदास फुटाणे पेशाने चित्रकला शिक्षक होते. आज तसा सिनेमा काढायला पैसे कोण घालणार, नावं सुचत असतील तर खाली लिहा.