फिश ऑइल आणि ते २८ टक्के

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत २५ हजार लोकांवर सिद्ध! रोज एक फिश ऑइल कॅप्सूल, हार्ट अटॅक २८ टक्क्यांनी कमी. आकडा सांख्यिकीदृष्ट्या पक्का.’

चाचणी खरी आहे. नाव व्हायटल, लोक २५,८७१, निकाल २०१८चा. २८ हा आकडाही खरा. पण ‘सिद्ध’ हा शब्द चूक.

चाचणीचा हृदयासाठीचा मुख्य निकष आधीच ठरला होता: हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, तिन्ही मिळून. फिश ऑइलची कॅप्सूल घेणाऱ्यांत अशा ३८६ घटना, तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांत ४१९. एवढा फरक योगायोगानेही पडतो. २८ टक्के हे एकट्या हार्ट अटॅकचे, म्हणजे दुय्यम निकषाचे. पक्षाघात कमी झाला नाही, एकूण मृत्यूही नाहीत. मेसेजमध्ये हे का नाही?

‘सांख्यिकीदृष्ट्या पक्का’? औषध निकामी असताना असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल, तर निकाल ‘पक्का’ म्हणतात. ही ०.०५ची मर्यादा एका प्रश्नासाठी असते. औषध पूर्ण निकामी असलं आणि वीस स्वतंत्र निकष तपासले, तरी एखादा तरी ‘पक्का’ निघण्याची शक्यता ६४ टक्के. अनेक निकष तपासले की ही मर्यादा कडक करावी लागते. व्हायटलच्या संशोधकांनी दुय्यम निकषांसाठी ही दुरुस्ती केली नव्हती, आणि तसं त्यांनी स्वतः लिहिलंय. हार्ट अटॅकचा निकाल त्या मर्यादेच्या बराच आत होता, म्हणून पुन्हा तपासण्यासारखा नक्कीच आहे. पण तपासायचा असतो, वाटायचा नसतो.

‘एवढा मोठा फरक खोटा कसा असेल?’ असंही कुणी विचारलंय. १९९७ची एलीट चाचणी बघा. हार्ट फेल्युअरचे ७२२ वृद्ध रुग्ण, लोसार्टन विरुद्ध कॅप्टोप्रिल अशी दोन औषधांची तुलना. मुख्य प्रश्न किडनीचा होता, त्यात फरक नाही. मृत्यू मात्र लोसार्टनवर ४६ टक्क्यांनी कमी! मग ३,१५२ रुग्णांवर, मृत्यू हाच मुख्य निकष ठेवून, एलीट-२ झाली. २००० साली निकाल आला आणि लोसार्टनची ती आघाडी दिसली नाही. नव्या चाचणीचा खर्च सोसला म्हणून हे कळलं, नाहीतर तो आकडा आजही फिरत राहिला असता.

२८ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती तेही पाहा: सुमारे पाच वर्षांत दर हजारी साडेपंधराऐवजी सव्वाअकरा हार्ट अटॅक.

‘मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का?’ असं ग्रुपवर दोघांनी विचारलंय. कृपा करून नका करू. गोळी सोडून कॅप्सूल घेतली तर काय होतं, हे व्हायटल चाचणीने तपासलेलंच नाही.