शंका आधीच काढून टाकलेली असते

कायदा कमी पडतो म्हणून वाचकाला स्वतःच न्याय करणारा नायक आवडतो, हे अशा कथांच्या नैतिक गुंतागुंतीवरच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. खरी गोम अशी की, 'समोरचा खरंच गुन्हेगार आहे का' ही शंका लेखक वाचकाच्या मनातून आधीच काढून टाकतो. 'डेक्स्टर' या अमेरिकी मालिकेच्या नायकाचंच घ्या. दिवसा मायामी पोलिसांत रक्ताच्या डागांचा तज्ज्ञ, रात्री खुन्यांचा खून करणारा. आधी खात्री करायची हा त्याचा नियम, आणि ती खात्री जवळपास दर वेळी होतेच! मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये एक निरपराध फोटोग्राफर त्याच्या हातून मरतो, तेव्हा कुठे घसा कोरडा पडतो. मी काही वर्षं एका फौजदारी वकिलांकडे काम केलं आहे. 'हाच तो' असं छातीठोकपणे सांगणारे साक्षीदार उलटतपासणीत कसे ढेपाळतात ते पाहिलंय. त्यामुळे असल्या कथा (वाचतो मात्र अधाशासारख्या) मला पूर्ण पचत नाहीत.

लेखात 'डेथ विश'च्या (बायकोच्या खुनानंतर स्वतःच गुन्हेगारांना मारत सुटणाऱ्या माणसाची गोष्ट) फक्त सिनेमाचा उल्लेख आहे. १९७२ची मूळ कादंबरी ब्रायन गारफील्डची. तिचा नायक हिशेबनीस, १९७४च्या सिनेमात तो आर्किटेक्ट झाला, आणि टाळ्या घेऊ लागला. गारफील्डना हे उदात्तीकरण अजिबात आवडलं नाही. उत्तरादाखल त्यांनी १९७५मध्ये 'डेथ सेंटेन्स' ही पुढची कादंबरी लिहिली. नैतिक गुंतागुंतीवर लिहिताना हे कसं सुटलं?