पट मांडून बसलेल्या दोघांबद्दल: उदगीरकर सरांना उत्तर

उदगीरकर सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी तुळजापूरहून येताना एसटीत वाचली. नळदुर्ग येईपर्यंत मनातल्या मनात चार उत्तरं लिहिली आणि चारही खोडली. हे पाचवं.

बाकीच्यांसाठी आधी सांगतो. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'वर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. मीर आणि मिर्झा हे लखनौचे दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेले असताना इंग्रजांची कंपनी नवाब वाजिद अलीचं अवधचं राज्य गिळते, अशी त्याची गोष्ट. आमच्या मंडळानं तो दाखवला, साठेक माणसं होती, मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्यावर सरांनी लिहिलं, "दोन रिकामटेकडे पट मांडून बसलेत अन् आपण त्यांना बघायलोत. सिनेमा आहे का पारावरचा डाव? मोठ्या माणसानं काढलाय म्हणून संथपणालासुद्धा तुम्ही कला म्हणता. आणि निजामाच्या राज्यात ज्यांच्या आजा-पणज्यांनी रझाकारांचा मार खाल्ला त्यांनी नवाबाच्या ठुमऱ्यांचं कौतुक का करावं?" शेवटी एक ओळ अशी, की सर शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना उठून गेले.

आधी माझी चूक. 'ज्यांना मारधाड लागते त्यांनी घरीच बसावं' हे माझं वाक्य आगाऊपणाचं होतं. काढून टाकलंय. कंटाळा आला म्हणजे अक्कल कमी, असं काही नसतं. माझी बायको त्या दिवशी अर्ध्या तासात झोपली होती आणि घरात अक्कल तिलाच जास्त आहे.

पण "काहीच घडत नाही" हे मला पटत नाही, सर. सुरुवातीचा तो औटरम, म्हणजे लखनौतला कंपनीचा रेसिडेंट, आणि त्याच्या हाताखालचा कॅप्टन वेस्टन यांचा प्रसंग घ्या. एक खोली, दोन गोरे. औटरम नवाबाच्या दिवसभराचा हिशेब विचारतोय: नमाज किती वेळा, पतंग कधी, नाच कधी, बायका किती. वेस्टन नवाबाचा शेर म्हणून दाखवतो, औटरमला त्यात काही राम दिसत नाही. बस, एवढंच. कॅमेरा फारसा हलतही नाही. पण ती चौकशी ऐकताना मला सारखं वाटत होतं, की हा कारण शोधायलाय. राज्य घ्यायचं आधीच ठरलंय, आता फक्त कागदावर शोभेल असा दोष पाहिजे. आणि वेस्टनला तो राजा मनातून आवडतो, हे औटरमच्या हळूहळू लक्षात येतं. हाच प्रसंग दोन मिनिटांत उरकला असता तर आपल्याला बातमी कळली असती. औटरमची चुळबुळ दिसली नसती.

आता त्या डावाबद्दल. तुम्ही स्वतः बुद्धिबळ खेळता असं लिहिलंय म्हणून विचारतो, मुन्शी नंदलाल घरी येतो तो प्रसंग आठवतोय का? तो मीर आणि मिर्झाला इंग्रजी पद्धत समजावून सांगतो. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं. वजिराच्या जागी राणी. डाव लवकर संपतो. दोघांना ते काही रुचत नाही. सिनेमा संथ का, याचं उत्तर मला तिथं सापडलं. १८५६ चं लखनौ देशी चालीनं खेळतंय, एक एक घर, आणि पलीकडचा माणूस वेगळ्याच नियमांनी खेळायलाय. रायसाहेब त्या संथपणाची आरती ओवाळत नाहीत. तो हरतोय, हे ते पहिल्यापासून सांगतात.

(गंमत बघा, आपण मराठीत आजही 'वजीर' म्हणतो, राणी कुणी म्हणत नाही. आणि खेळतो मात्र दोन घरांच्या प्याद्यानं. आमच्या गावच्या पारावर एक म्हातारा होता, तो प्यादं दोन घरं सरकवलं की पटच उधळायचा.)

माझ्या आईचं मत वेगळंच. मिर्झाची बायको खुर्शीद चिडून सोंगट्या लपवते आणि हे दोघे लिंबं-मिरच्या मांडून डाव पुढं चालू करतात, तिथं सगळा हॉल हसला. आई हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "सोंगट्या कशाला लपवायच्या? पटच चुलीत घालायचा." तिच्या लेखी तो सिनेमा एका बायकोचा आहे, जिचा नवरा घरात असून घरात नाही. मी लेखात या बाईवर एक ओळही लिहिली नव्हती. म्हणजे बघा, एकाच रांगेत बसून एकीला झोप लागली, एकीला संताप आला, आणि मी वही काढून टिपणं घेत होतो.

आता नवाबाचं कौतुक. इथं तुमचा राग मला कळतो आणि तो मी उडवून लावणार नाही. पण नवाबाबद्दल हळहळायला सिनेमा कुठं सांगतो? वाजिद अलीला आपण राज्यकारभारात कमी पडलो हे माहीत आहे. राज्य कंपनीला देण्याच्या करारावर तो सही करत नाही, डोक्यावरचा ताज काढून औटरमपुढं धरतो आणि फौजेला लढू देत नाही. याला भित्रेपणा म्हणा, शहाणपण म्हणा. तेव्हाही यावरून वाद झालाच होता. १९७८ मध्ये राजबन्स खन्ना यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त राय यांच्यावर टीका केली, की तुम्ही वाजिद अलीला दुबळा करून ठेवलात. राय यांनी तिथंच उत्तर दिलं, कोणकोणती पुस्तकं वाचली त्या दाखल्यांसकट. म्हणजे लखनौच्या बाजूनं तक्रार, की नवाबाला फार कमी लेखलं. तुमची तक्रार, की फार डोक्यावर घेतलं.

आणि लखनौ आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही, सर. ज्या गव्हर्नर जनरल डलहौसीनं अवध गिळलं, त्यानंच तीन वर्षं आधी, १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिवचा मुलूख लिहून घेतला. नळदुर्गात कंपनीचा अंमल बसला, मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभाराला आला. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला म्हणून १८६० मध्ये आपला भाग त्याला परत. सिनेमात डलहौसी संस्थानं चेरीसारखी तोंडात टाकतो ते कार्टून आहे ना, ते बघताना मला वाटलं, आपण म्हणजे तोंडात टाकून परत ताटात ठेवलेली चेरी. इकडच्या रयतेला कुणी विचारलं होतं का, की तुम्हाला कंपनी पाहिजे का निजाम?

तुमच्या आजोबांचं तुम्ही लिहिलंत, तर माझ्या आजीचं सांगतो. आमचं गाव नळदुर्गापासून सहा किलोमीटरवर. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत आली, पहिली मोठी लढाई नळदुर्गच्या किल्ल्याशीच झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. आजी मात्र सांगायची ते ज्वारीचं. डोक्याच्या वर गेलेल्या ज्वारीत सगळं घर लपलेलं, खाली चिखल, भाकरी भिजून लगदा झालेली. पहाटे किल्ल्याकडून आवाज आले आणि मग काहीच नाही. "काय चाललंय कळंना," एवढंच ती परत परत म्हणायची. माझी थोरली आत्या तेव्हा सहा महिन्यांची. ती रडू नये म्हणून आजीनं तिच्या तोंडात पदराचा बोळा धरला होता, आणि तो फार घट्ट तर होत नाही ना, हे ती दर थोड्या वेळानं बोट घालून बघायची. लढाई तिनं पाहिलीच नाही. तिनं ते बोट सांभाळलं. रझाकारांवर कुणी सिनेमा काढला तर त्यात किल्ला असेल, घोडे असतील, ढोल असतील. ते मी बघीनही. पण आजीच्या ज्वारीवर कुणी काढला तर तो संथच निघेल, आणि त्यातूनही निम्मी माणसं उठून जातील.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. मीरची बायको आणि पलंगाखाली लपलेला तिचा प्रियकर, म्हणजे मीरचाच भाचा, हे प्रकरण मलाही लांबलेलं वाटलं. मीर बावळट आहे हे आधीच कळलेलं असतं. लेखात मी ते गिळलं होतं, सत्यजित राय या नावाच्या दबावाखाली. तेवढा टोमणा मला बसला.

राहिला शेवट, जो तुम्ही बघितलाच नाही. प्रेमचंदांच्या कथेत दोघे तलवारी काढतात आणि एकमेकांना मारतात. तुम्ही मारधाडीची वाट बघत होता ती तिथं आहे. राय यांनी ती काढून टाकली. इथं मीरच्या हातून पिस्तूल उडतं आणि गोळी मिर्झाच्या शालीला चाटून जाते. लांबून कंपनीची फौज चाललेली, कुठून एक बंदूक वाजत नाही. दोघे थोडा वेळ रुसतात. मग परत पट मांडतात, आणि या वेळी इंग्रजी पद्धतीनं. लवकर संपणारा डाव.

कुठं मिळाला तर तेवढा शेवट बघा आणि मग परत शिव्या घाला. उत्तर नक्की देईन, पण सोयाबीनची काढणी उरकल्यावर.